आवरण आणि अज्ञान: स्वयंपाकघरातील जुन्या कपाटाविषयी एक विचार

स्वयंपाकघरातील किंवा न्हाणीघरातील जुने कपाट मोडीत न काढता त्याचा सांगाडा जागेवर ठेवणे, त्याची दारे, ड्रॉवरच्या पुढच्या फळ्या आणि दिसणाऱ्या कडा एवढ्यांवरच नवा थर चढवणे, आणि हे काम घरच्याच माणसाने स्वतःच्या हाताने करणे, ही कृती वरवर पाहता काटकसरीची आणि हौसेची आहे. तिच्यात दोन फार जुने प्रश्न मात्र सामावलेले आहेत. पहिला प्रश्न एकत्वाचा आहे: दर्शनी भाग पूर्ण बदलल्यावर ते कपाट तेच राहते, की जुने नष्ट होऊन तेथे दुसरेच उभे राहते? दुसरा प्रश्न सत्याचा आहे: जुन्या देहावर नवा चेहरा चढवणे ही त्या वस्तूची सेवा आहे, की पाहणाऱ्याची दिशाभूल? भारतीय दर्शनांनी पहिल्या प्रश्नावर विपुल लिहिले आहे आणि त्याची उत्तरेही बरीचशी समाधानकारक आहेत. दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण त्याचे उत्तर कपाटाच्या लाकडात सापडत नाही. थर कोणी चढवला आणि चढवताना खाली काय आहे हे त्याने पाहिले होते काय, यावर ते अवलंबून असते.

या विचाराला नांदेडजवळची विष्णुपुरी ही जागा विशेष अनुरूप आहे. गोदावरीच्या दक्षिण तीरावरील, काळेश्वराच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे हे गाव गेल्या काही दशकांत विद्येचे आणि पाण्याचे ठिकाण बनले. श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था 1981 मध्ये स्थापन झाली, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी अस्तित्वात आले, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आता येथेच आहे, आणि गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पाचा जलाशय नांदेड शहराची तहान भागवतो. या संस्थांच्या आधाराने जी घरे आणि वसाहती उभ्या राहिल्या त्यांतील स्वयंपाकघरे आता एका पिढीची जुनी झाली आहेत. कडप्पा, म्हणजे आंध्रातील त्याच नावाच्या जिल्ह्यातून येणारा काळा दगड, उभा-आडवा रचून ओट्याखाली खण केलेले असतात आणि त्यांना पुढून दारे बसवलेली असतात. ओट्याच्या वर प्लायवुडचे भिंतीतले कपाट असते. आणि दोहोंवरचा सनमायका वाफेने, तेलकटपणाने आणि धुण्यापुसण्याने कडांपाशी सुटलेला असतो. कडप्पा शंभर वर्षे टिकेल, दार मात्र वीस वर्षांत थकते, म्हणून चेहरा बदलण्याचा विचार येथे सहज आणि योग्य ठरतो.

तत्त्वचर्चेपूर्वी प्रत्यक्ष काम समजून घेणे आवश्यक आहे, कारण या कामातील काही तपशील दार्शनिक दृष्टीनेही निर्णायक आहेत. सनमायका हे मुळात एका उत्पादनाचे नाव. आता मराठीत ते लॅमिनेट या अर्थाने रूढ झाले आहे. राळेत भिजवलेले कागदाचे थर उष्णतेने आणि दाबाने एकजीव करून हा पत्रा तयार होतो, आणि कपाटासाठी त्याची जाडी साधारणपणे 0.8 ते 1 मिलिमीटर असते. जुना पत्रा घट्ट असेल तर तो काचपेपरने खरवडून, तेलाचा अंश पूर्ण काढून, त्यावरच नवा चिकटवता येतो. सुटलेला असेल तर उष्णता देऊन तो काढावा लागतो आणि उघड्या पडलेल्या प्लायवुडवरचे खड्डे लांबी भरून घासावे लागतात. पांढऱ्या फेविकॉलने चिकटवल्यास वर वजन ठेवून रात्रभर दाब द्यावा लागतो. रबरावर आधारित डिंक वापरल्यास तो दोन्ही पृष्ठभागांवर लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबून, मग पत्रा एकदाच नेमका बसवावा लागतो, कारण एकदा टेकलेला पत्रा सरकवता येत नाही. या डिंकाची वाफ पेट घेते, त्यामुळे काम चालू असताना शेगडी पेटवू नये आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात, ही सूचना पूजेतल्या शुचितेइतक्याच गांभीर्याने पाळावयाची आहे.

यापुढचा तपशील अधिक महत्त्वाचा. फळीच्या एकाच बाजूला जाड पत्रा चिकटवला आणि दुसरी बाजू उघडी ठेवली तर काही महिन्यांत ते दार बाक घेते, कारण हवेतील ओल फळीच्या दोन बाजूंना असमान प्रमाणात शिरते आणि बाहेर पडते. चाळिशीपार जाणारा उन्हाळा आणि त्यापाठोपाठ दमट पावसाळा हे मराठवाड्याचे हवामान या असमतोलाला अधिकच बळ देते. म्हणून जाणकार सुतार बाहेरून पत्रा लावताना आतल्या बाजूलाही पातळ पत्रा लावतो, जरी ती बाजू कोणी पाहणार नसले तरी. केवळ बाहेरची बाजू बदलण्याचा संकल्प पदार्थाच्या स्वभावातच टिकत नाही, ही गोष्ट कोणत्याही दर्शनाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

आणि या सर्वांच्या आधीचे पाऊल म्हणजे परीक्षण. कपाट पूर्ण रिकामे करावे, बोटाच्या पेराने प्रत्येक फळी वाजवून पाहावी, पोकळ आवाज आला तर पेचकसाचे टोक दाबून पाहावे, सिंकखालच्या कोपऱ्यात हात फिरवून ओल तपासावी, मागच्या पातळ फळीवर वाळवीची मातकट नळी दिसते काय ते पाहावे, बिजागरीचे स्क्रू आपल्या जागी आवळले जातात की नुसतेच फिरतात हे तपासावे. लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून केलेला पार्टिकल बोर्ड एकदा पाण्याने फुगला की पूर्ववत होत नाही आणि त्यात स्क्रू धरत नाही. अशा सांगाड्यावर नवा चेहरा चढवणे व्यर्थ आहे. पाण्याशी संबंध येणाऱ्या जागी उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचे प्लायवुड वापरलेले असेल तर मात्र सांगाडा पुष्कळ वर्षे पुढे चालतो.

आता पहिला प्रश्न. न्याय आणि वैशेषिक ही दर्शने अवयव आणि अवयवी असा भेद मानतात. अवयव म्हणजे भाग, आणि अवयवी म्हणजे त्या भागांमध्ये समवाय नावाच्या नित्य संबंधाने राहणारी, भागांहून वेगळी अशी संपूर्ण वस्तू. या मताप्रमाणे कपाट म्हणजे केवळ फळ्यांचा ढीग नव्हे. ते फळ्यांत राहणारे एक स्वतंत्र द्रव्य आहे. परंतु या स्पष्टतेची किंमतही हे दर्शन प्रामाणिकपणे मोजते. वस्त्राचा एक तुकडा फाडला तर जुने वस्त्र नष्ट झाले आणि उरलेल्या धाग्यांतून एक नवे, लहान वस्त्र उत्पन्न झाले, असे नैयायिकांना म्हणावे लागते. तोच नियम कपाटाला लावला तर जुने दार काढताक्षणी जुने कपाट संपले आणि नवे दार लागताच तिसरे जन्माला आले. घरातील कोणीही अशी भाषा करणार नाही. ‘हे तेच’ अशी जी ओळख पटते तिला दर्शनांत प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि ती ओळख येथे केवळ सादृश्यामुळे होते असे नैयायिक सांगतो. तर्क म्हणून हे निर्दोष असेल, पण ज्या गृहिणीचा हात अंधारातही त्याच खणातल्या त्याच डब्यावर जातो तिच्या अनुभवाला ते पुरेसा न्याय देत नाही.

बौद्धांचे उत्तर दुसऱ्या टोकाचे आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला रथाच्या दृष्टान्ताने दाखवून देतो की चाक, आस, जू यांपैकी काहीच रथ नाही आणि त्यांच्याहून वेगळाही रथ नाही. ‘रथ’ ही भागांच्या आधाराने केलेली व्यवहाराची संज्ञा आहे. ग्रीक परंपरेत प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाविषयी नोंदवलेला वाद याच जातीचा आहे: अथेन्सवासी कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत राहिले, आणि ते जहाज तेच की दुसरे यावर तत्त्वज्ञांत दोन पक्ष पडले. पुढे सतराव्या शतकात हॉब्जने विचारले की काढलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून त्यांचे दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते. कपाटाच्या बाबतीत हा शेवटचा पेच उद्भवत नाही, कारण काढलेली दारे बहुधा भंगारात जातात. परंतु नागसेनाचा मुद्दा टिकून राहतो आणि तो मनाला एक प्रकारची मोकळीकही देतो, कारण ज्याला आपण इतके जपतो त्याचे नाव व्यवहारापुरते आहे हे कळल्यावर जपण्यातली आसक्ती कमी होते.

तरीही या विशिष्ट कृतीचे सर्वांत यथार्थ वर्णन जैन दर्शनात सापडते. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात सत् म्हणजे अस्तित्वात असणारी वस्तू तीन अंगांनी युक्त सांगितली आहे: उत्पाद म्हणजे नव्या अवस्थेचा उगम, व्यय म्हणजे जुन्या अवस्थेचा लय, आणि ध्रौव्य म्हणजे या दोहोंतून टिकणारे सातत्य. टिकणाऱ्याला द्रव्य आणि बदलणाऱ्या अवस्थांना पर्याय अशी नावे आहेत. सोन्याचा घट मोडून मुकुट केला तर घट हवा असणाऱ्याला दुःख, मुकुट हवा असणाऱ्याला आनंद आणि ज्याला सोनेच हवे त्याला ना दुःख ना आनंद, असा दृष्टान्त समंतभद्राने आप्तमीमांसेत दिला आहे, आणि तिघांच्याही मनोवृत्तीला वस्तूमध्येच आधार आहे असे त्याचे म्हणणे आहे. कपाटाचे दार बदलते तेव्हा याच तीन वृत्ती एका घरात एकाच वेळी दिसू शकतात. जुन्या दाराशी स्मृती गुंतलेली व्यक्ती हळहळते, नव्या रंगाची वाट पाहणारी सुखावते, आणि ज्याला फक्त डाळ-तांदूळ कोठे ठेवायचे हा प्रश्न आहे त्याला काहीच वाटत नाही. तिघांपैकी कोणीही चूक नाही. एकत्वाचा प्रश्न येथे पुरेसा सुटतो.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळताना भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील प्रसिद्ध विचार प्रथम आठवतो: माणूस जीर्ण वस्त्रे टाकून नवी घेतो त्याप्रमाणे देही जीर्ण शरीरे टाकून नवी धारण करतो. वस्त्र बदलण्यात असत्य नाही, कारण वस्त्र नेसणारा जाणता आहे आणि तो वस्त्राहून वेगळा आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवर विधीत हाच विचार लाकडाच्या रूपाने प्रत्यक्षात येतो. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो त्या वर्षी, सर्वांत अलीकडे 2015 मध्ये, कडुनिंबाच्या नव्या लाकडातून मूर्ती घडवल्या जातात आणि जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ डोळे बांधलेले सेवक रात्रीच्या अंधारात नव्या मूर्तीत स्थापन करतात. म्हणजे देह संपूर्ण बदलतो आणि गाभा टिकतो. दक्षिणेकडील आगमग्रंथांत, म्हणजे मंदिररचना आणि पूजाविधी सांगणाऱ्या शास्त्रांत, जीर्णोद्धाराच्या वेळी देवतेची शक्ती आधी कलशातील पाण्यात किंवा लहान तात्पुरत्या मूर्तीत आवाहित करून मगच जुन्या वास्तूला हात लावावा असे सांगितले आहे. दुरुस्तीच्या काळातही जाणते चैतन्य कोठे आहे याची काळजी घ्यावी, असा त्यामागील भाव आहे. कपाटाला असे चैतन्य नाही. त्याचा आतला आणि बाहेरचा भाग दोन्ही जडच आहेत, त्यामुळे गीतेचा दृष्टान्त त्याला थेट लागू होत नाही. कपाटाच्या बाबतीत जाणते कोण, असा प्रश्न शिल्लक राहतो.

मराठवाड्याच्या धर्मजीवनात या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर दरवर्षी भाद्रपदात घडते. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या महालक्ष्म्यांचे मुखवटे पेटीतून बाहेर काढले जातात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मूळावर विसर्जन असा तीन दिवसांचा क्रम असतो. मुखवटे उभ्या सांगाड्यावर बसवले जातात, त्यांना साड्या नेसवल्या जातात, दागिने घातले जातात. मुखवट्याचा रंग उडाला असेल तर तो पुन्हा दिला जातो, डोळे नव्याने रेखले जातात. रंग नवा, साडी नवी, कित्येकदा सांगाडाही नवा, आणि तरीही त्या सासूच्या सासूने आणलेल्याच महालक्ष्म्या असतात. याच नांदेड जिल्ह्यात माहूरगडावर रेणुकेचे मुखच तेवढे पूजेत आहे आणि त्यावर शेंदराचे लेपन होते. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेला ज्या खंडोबासाठी भाविक लोटतात त्याचेही धातूचे मुखवटे आणि टाक घरोघरी पूजले जातात. चेहरा हा वरवरचा आणि म्हणून गौण, हा समज या परंपरेला मान्य नाही. चेहऱ्यामुळे दर्शन घडते. जे निराकार आहे ते समोर येऊन उभे राहावे यासाठी चेहरा लागतो, आणि तो चढवणाऱ्या स्त्रीला खालचा सांगाडा पत्र्याचा आहे हे पूर्ण ठाऊक असते, कारण तो तिनेच उभा केलेला असतो. तिच्या भक्तीत या ज्ञानाने उणेपणा येत नाही.

थर चढवणाऱ्याचे ज्ञान आणि थर यांची फारकत झाली की मात्र गोष्ट बदलते. नाशिक जिल्ह्यातील वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे लेप चढत गेले, आणि 2022 मध्ये ते साचलेले जाड कवच उतरवण्यात आले तेव्हा भाविकांना परिचित रूपाहून वेगळे, मूळ पाषाणातील रूप समोर आले. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात 2024 मध्ये संवर्धनाचे काम झाले तेव्हा मूळ दगडी बांधणीवर कालांतराने चढवलेल्या फरश्या आणि रंग काढले गेले, आणि मे महिन्याच्या अखेरीस फरशीखाली एक तळघर आणि त्यात जुन्या मूर्ती आढळल्या. या दोन्ही ठिकाणी थर चढवणाऱ्यांची श्रद्धा निर्मळ होती यात शंका नाही. प्रत्येक पिढीने आपल्या परीने देवाला आणि मंदिराला नवे केले. फक्त आपल्या थराखाली काय आहे हे पुढच्या पिढीला सांगण्याची सोय झाली नाही. श्रद्धा पोहोचली, माहिती पोहोचली नाही.

हीच फारकत घराच्या बाबतीत किती भयानक होऊ शकते हे लातूर जिल्ह्याला सांगण्याची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे 8 हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंप अतिप्रचंड शक्तीचा नव्हता. माणसे मुख्यतः घरांखाली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर माळवद, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांवर मातीचा जाड थर दिलेले सपाट छप्पर, अशी ती घरे होती. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर पुन्हा माती टाकण्याची रीत होती. प्रत्येक वर्षीचा थर हा त्या वर्षीच्या पावसापुरता पूर्णपणे शहाणपणाचा होता. परंतु वर्षांमागून वर्षे छप्पर जड होत गेले आणि ते ज्या भिंतींवर आणि खांबांवर होते त्यांचा विचार त्या थरात नव्हता. कित्येक ठिकाणी दगडी भिंती ढासळल्या तरी आतले लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, असे नंतर अभियंत्यांनी नोंदवले. कपाटाच्या चर्चेत या आपत्तीचा उल्लेख हलकेपणाने करता येणार नाही, आणि येथे तो केवळ एवढ्यासाठी केला आहे की पृष्ठभागाची दुरुस्ती आणि आधाराची दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या समाधानात दुसरी विसरली जाणे हा मानवी मनाचा फार जुना दोष आहे.

या दोषाला अद्वैत वेदान्ताने नेमके नाव दिले आहे. सदानंदाच्या वेदान्तसार या ग्रंथात अज्ञानाच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत: आवरण, म्हणजे जे आहे ते झाकणारी शक्ती, आणि विक्षेप, म्हणजे त्या झाकलेल्या जागी जे नाही ते भासवणारी शक्ती. दोरी दिसत नाही हे आवरण, आणि तेथे साप दिसतो हा विक्षेप. कुजलेल्या फळीवर चकचकीत पत्रा चिकटवून घर विकणाऱ्याने विकत घेणाऱ्यासाठी या दोन्ही शक्ती कामाला लावलेल्या असतात: कूज झाकली जाते आणि तिच्या जागी भक्कमपणा भासतो. म्हणून नव्या चेहऱ्याकडे संशयाने पाहणारा मुमुक्षू पूर्णपणे चुकत नाही. तथापि वेदान्ताच्याच परिभाषेतून एक गोष्ट निष्पन्न होते. आवरण हे ज्याच्यापासून झाकले जाते त्याच्यासाठी आवरण असते. ज्याने स्वतः फळी वाजवून पाहिली, कुजलेला कोपरा कापून तेथे नवे लाकूड बसवले, वाळवीचे औषध भरले आणि मग पत्रा लावला, त्याच्या डोळ्यांसमोर पत्रा आहे, पण त्याच्या बुद्धीसमोर खालची फळी जशीच्या तशी आहे. त्याच्यासाठी तो थर झाकण आहे, अज्ञान नाही. दोरी ओळखलेल्या माणसाला अंधुक प्रकाशात पुन्हा सर्पाकार दिसला तरी तो भीत नाही, असे वेदान्ती सांगतात. तसे या माणसाला गुळगुळीत दार पाहून भक्कमपणाचा भ्रम होत नाही, कारण भक्कमपणा कोठे आहे आणि कोठे कमी आहे हे त्याला माहीत आहे. कपाटाच्या बाबतीत जाणते कोण, या मागे राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. गीतेच्या दृष्टान्तात वस्त्र नेसणारा जाणता होता. कपाटाच्या बाबतीत वस्त्र नेसवणाऱ्याला ती जागा घ्यावी लागते.

स्वतःच्या हाताने काम करण्याचे धार्मिक मूल्य या बिंदूवर ठरते, पैशांच्या बचतीवर नव्हे. या मूल्याची दोन स्थाने विष्णुपुरीच्या अगदी जवळ आहेत. बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांच्या सहकारी शरणांनी कल्याण येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, कायक हा विचार मांडला: अंगमेहनतीचे प्रामाणिक काम हीच उपासना, आणि कोणतेही कायक दुसऱ्याहून हलके नाही. लातूर-नांदेड भागातील लिंगायत समाजात हा वारसा आजही जिवंत आहे. नांदेड शहरातील सचखंड श्री हजूर साहिब हे दुसरे स्थान. 1708 मध्ये गुरू गोबिंदसिंघजी जेथे ज्योतीत विलीन झाले तेथे महाराजा रणजितसिंहांच्या पुढाकाराने 1832 ते 1837 या काळात आजची मुख्य वास्तू उभी राहिली, आणि मूळ स्थान, अंगीठा साहिब, तिच्या गाभ्यात राखले गेले. शीख परंपरेत गुरुद्वाऱ्यांचे बांधकाम, सफाई आणि दुरुस्ती भाविकांनी विनामोबदला स्वतः श्रम करून करायची असते. तिला कारसेवा म्हणतात. पदवी, पैसा, प्रतिष्ठा बाजूला ठेवून माती उचलणारा माणूस त्या वास्तूच्या पोटात काय आहे ते हाताने जाणतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गावगाड्यात सुतार हा बलुतेदार होता. त्याच्या कौशल्यावर सर्वांचे नांगर, दारे आणि पाळणे चालत, आणि तरी हाताने काम करणाऱ्याला बसण्याची जागा खालची मिळे. त्यामुळे एखाद्या प्राध्यापकाने सुट्टीत काचपेपर हाती घेणे हे सुताराची गरज संपल्याचे लक्षण मानले गेले तर तो जुनाच अपमान नव्या रूपाने होईल. खरे तर घडते ते उलट. दाराची कड सरळ कापताना पत्र्याचा कपचा निघतो, बिजागरी एका रेषेत बसत नाही, दोन दारांमधली फट वर रुंद आणि खाली अरुंद राहते, आणि तेव्हा ज्या हातांनी हे काम वर्षानुवर्षे बिनबोभाट केले त्यांच्याविषयीचा आदर पुस्तकातून न येता बोटांतून येतो. कायकाचा समतेचा आशय वाचून पटणे आणि असा पटणे यांत फरक आहे. भिंतीतले जड कपाट उतरवणे, विजेची जोडणी हलवणे, गॅसच्या नळीला धक्का लागणे यांसारख्या बाबी जाणकारावरच सोपवाव्यात. तेथे स्वावलंबनाचा आग्रह हा धर्म नसून हट्ट आहे.

सुताराकडून काम करून घेणारा मनुष्यही अर्थातच या ज्ञानाला मुकत नाही, जर तो सांगाडा उघडा असताना समोर बसून पाहील आणि विचारील. आणि स्वतः काम करणाराही त्याला मुकतो, जर घाईने कुजलेल्या कोपऱ्यावर पत्रा दाबून मोकळा होईल. हात स्वतःचा असणे हे ज्ञानाचे उत्तम साधन आहे. ते ज्ञानाची हमी नाही. उलट स्वतःला फसवणे हे दुसऱ्याला फसवण्याहून सोपे असते, कारण तेथे विचारणारा कोणी नसतो. म्हणून पार्टिकल बोर्ड फुगलेला असेल, तळाची फळी बोटाने दबत असेल किंवा वाळवी चौकटीपर्यंत पोहोचलेली असेल, तर चेहरा बदलण्याचा विचार सोडून सांगाडा मोडणे हेच सत्याला धरून आहे. जैनांच्या भाषेत तेथे ध्रौव्य उरलेले नाही, केवळ व्यय आहे.

उरतो तो पुढच्या पिढीचा प्रश्न, जो वणी, पंढरपूर आणि किल्लारी या तिन्ही ठिकाणी निरनिराळ्या रूपांनी उभा राहिला. चेहरा बदलणाऱ्याचे ज्ञान त्याच्यासोबत संपले तर वीस वर्षांनी ते कपाट दुसऱ्या कोणासाठी निखळ आवरणच होऊन बसेल. विष्णुपुरीतील किंवा अन्य कोणत्याही घरातील ज्या कोणी हे काम हाती घेतले असेल त्यांनी शेवटचे दार बसवण्यापूर्वी खणाच्या आतल्या बाजूला, जेथे ओल पोहोचत नाही अशा जागी, ठळक पेन्सिलीने चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: सांगाडा कोणत्या साली केला, कोणता भाग कुजला होता आणि तेथे काय बसवले, वाळवीचे औषध केव्हा भरले, आणि नवा पत्रा कोणत्या डिंकाने लावला.